कतल्यावरच्या उवा मोजताना

मी मत्स्यव्यवसाय खात्यात आहे असं सांगितलं की चंद्रपूरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, "इथी समुद्र कुठी आहे?"

समुद्र नाही, पण तलाव आहेत. पूर्वेकडच्या तालुक्यांत गावागणिक एक, काही गावांत दोन-तीन. जुन्या मालगुजारांनी, म्हणजे इथल्या जमीनदारांनी, भाताच्या शेतीसाठी बांधून घेतलेले. उन्हाळ्यात मध्यावर कमरेएवढं पाणी उरतं आणि भर पावसाळ्यात समोरच्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही. या तलावांत ढिवर मंडळी मासे धरतात. त्यांच्या सहकारी संस्था आहेत. त्या संस्थांना कतला, रोहू, मृगळ या माशांचं बीज पोचवणं, मासे वाढतात की नाही ते पाहणं आणि त्यांना आजार झाला तर उपाय सांगणं, एवढं माझं काम. बीज म्हणजे माशांची जिऱ्याएवढी पिल्लं. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून ती आम्ही एस.टी.ने न्यायचो. चिमूरच्या बसचा एक कंडक्टर दर वेळी विचारायचा, "किती सवाऱ्या?" मी पिशव्यांवरची चिठ्ठी वाचून सांगायचो, "चाळीस हजार आणि मी." तो एक तिकीट फाडायचा आणि म्हणायचा, "उभं राहून जावं लागन त्याइले."

माणसाच्या डोक्यात उवा होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. माशाच्या अंगावर होतात हे मलाही नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. ते मला दाखवलं आमच्या परुळेकर साहेबांनी. परुळेकर मूळ मालवणकडचे. सगळी नोकरी किनाऱ्यावर झाली आणि शेवटी शेवटी त्यांची बदली आमच्याकडे झाली. येताना त्यांनी कपड्यांपेक्षा बाटल्या जास्त आणल्या होत्या. त्यांच्या टेबलामागच्या फळीवर त्या ओळीनं मांडलेल्या असत. एका बाटलीत समुद्रातल्या माशाचं नुसतं डोकं होतं. तोंड उघडं, आणि आत जिभेच्या जागी एक पांढरा जीव बसलेला, दोन काळे डोळे बाहेर लावून.

"हा कल्ल्यातून आत शिरतो," साहेब सांगायचे. "जिभेला नखं रोवतो, तिचं रक्त पितो. जीभ वाळून झडते. मग हाच जीभ होऊन बसतो. मासा बिचारा याच्याच आधारानं जेवतो."

दुसऱ्या बाटलीत माशाच्या कल्ल्यांना दोऱ्यासारखे काही जीव चिकटलेले होते. मी त्यांना किडे म्हटलं तेव्हा साहेबांना वाईट वाटलं.

"किडे नव्हेत हो रामटेके. ही कोळंबी-खेकड्यांची भावंडं. फक्त यांनी पोहायचे कष्ट सोडले आणि दुसऱ्याच्या अंगावर बिऱ्हाड केलं. तुमच्या तलावांतही यांची एक चुलत बहीण आहे. भेटेल तुम्हाला."

ती मला भेटली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. कार्यालयातली कपाटं आणि फायली कोणत्या जिल्ह्याच्या, हे अजून ठरत होतं. आषाढ लागला होता, पण पाऊस ओढ धरून होता. एका सकाळी चिचटोल्याच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष बकारामजी मांढरे पिशवी घेऊन दारात उभे राहिले. पंचावन्नच्या आसपासचा उंच, वाळका माणूस. त्यांनी पिशवीतून पळसाच्या पानात गुंडाळलेला दीड किलोचा कतला काढला आणि माझ्या टेबलावरच्या आवक नोंदवहीवर ठेवला.

"पाहा जरा, साहेब. लोकं म्हनतात मासोळ्याइले माता आली."

माशाच्या अंगावर देवी आल्यासारखे लाल ठिपके होते. खवले जागोजागी निघालेले.

"कोण लोक म्हणतात?"

"बाजारातले. सतरा मासोळ्या नेल्या होत्या, सतराच्या सतरा वापस आनल्या. बाया हात नाई लावून राह्यल्या. दोघीजनी तर टोपलीच्या पाया पडून गेल्या."

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. संस्थेनं दोन वर्षं कतला राखून ठेवला होता. दिवाळीला मोठी पकड करायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आता मासे पाण्याबाहेर उड्या मारत होते, घाटाच्या पायऱ्यांना अंग घासत होते. "दिवाळीपर्यंत वाचतीन का तेवढं सांगा," बकारामजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी चिचटोल्याला गेलो. फाट्यावर उतरून पुढे सहा किलोमीटर बकारामजींच्या सायकलवर मागे बसून. तलावाचं पाणी उन्हाळ्यानं आटलेलं, त्यामुळे मासे दाटीनं राहत होते. अशा दाटीतच उवा वाढतात. बकारामजींनी फेकजाळं टाकलं. एकेक मासा मी जाळ्यातून काढून ओल्या गोणपाटावर धरला आणि भिंग लावलं.

माशाची ऊ म्हणजे मसुराच्या डाळीएवढी चपटी टिकली. रंग पाण्याचाच, त्यामुळे ती हलल्याशिवाय दिसत नाही. पोटाखाली दोन गोल चकत्या असतात, चष्म्याच्या काचांसारख्या. त्यांनी ती माशाला चिकटते आणि मधल्या सुईनं टोचते. सर्वांत जास्त पंखांच्या बुडाशी, जिथे कातडी मऊ. टोचल्या जागी लाल ठिपका पडतो, पुढे जखम होते, जखमेत बुरशी धरते आणि मासा खाणं सोडतो. बारा मासे पाहिले. उवा निघाल्या दोनशे शहात्तर. माशामागे तेवीस.

माझ्याभोवती अर्धं गाव जमलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं की ही माता नाही, ही ऊ आहे. ही नात्यानं झिंग्याची बहीण लागते.

"झिंग्याची बहीन?" मागून एका बाईंनी विचारलं. "मंग भाजून देऊ का साहेब, मिरचीसंग?"

या तानाबाई. बकारामजींची मोठी बहीण, नवरा गेल्यापासून माहेरीच राहिलेल्या आणि माहेरचंच नाव लावणाऱ्या. साठीच्या घरातल्या, ठेंगण्या, आवाजानं मोठ्या. तलावाचा पश्चिमेकडचा भाग त्यांच्याकडे आणि आणखी चौदा बायकांकडे होता. तिथे त्या शिंगाड्याचे वेल लावायच्या. प्रत्येकीचा वाफा कुठून कुठपर्यंत हे कळावं म्हणून पाण्यात बांबू रोवलेले. शिंगाडा दसऱ्यानंतर निघतो. त्या वर्षीचे वेल नुकतेच पाण्यात सोडले होते.

त्या काळी आमच्या पुस्तकात उवांवर उपाय एकच ठळक छापलेला होता. कीटकनाशक पावडर पाण्यात कालवायची. किती कालवायची हे पाण्यावर ठरतं, म्हणून मी डोंग्यात बसून, बांबूवर फुटाच्या खुणा करून, बेचाळीस ठिकाणी खोली मोजली आणि हिशेब मांडला. हिशेब मला मनापासून आवडतो. तो काठावर सर्वांना वाचून दाखवला. तानाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पावडर टाकल्यावर पानी पेता येते का?"

"पंधरा दिवस नाही."

"ढोराइले?"

"नाही."

"शिंगाडे?"

"या वर्षीचे खाऊ नयेत."

"आन् पोळ्याचे बैल कुठी धुवाचे? तुमच्या कचेरीत?"

लोक हसले. मी हसलो नाही, हिशेबाच्या कागदाची घडी घातली. पावडर टाकली तर पंधरा बायकांचं वर्षाचं पीक जातं आणि गावाचं पाणी तुटतं. नाही टाकली तर संस्थेचे मासे जातात. बहीण एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचं जेवण एका चुलीवर. पावडरीची मागणी मी वर पाठवली, पण मध्ये एक आठवडा हाताशी होता. तेवढ्यात मिठाचा उपाय करून पाहू म्हटलं. दाट मिठाच्या पाण्यात मासा दोन-तीन मिनिटं धरला की उवा सुटतात. जाळ्यात येईल तो मासा आंघोळ घालून सोडायचा, असं बकारामजींना सांगून आलो.

आठवड्यानं परत गेलो. आता माझी चूक सांगतो.

बारा मासे थोडे होतात, आकडा पक्का हवा तर मासे जास्त हवेत, म्हणून मी या वेळी चाळीस मासे धरायला सांगितलं. चाळीस मासे फेकजाळ्यात येत नाहीत, म्हणून ओढजाळं लावलं. मासे एकदम आले, म्हणून ते पाणी भरलेल्या जर्मनच्या मोठ्या गंजांत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत, ठेवले आणि तिथून एकेक काढून मोजले. गंजातलं पाणी गढूळ झालं की मी ते स्वतः तलावात ओतायचो आणि ताजं भरायचो, मासे गुदमरू नयेत म्हणून. चाळीस माशांवर उवा निघाल्या तीनशे साठ. माशामागे नऊ. तेविसाच्या नऊ. मी त्या रात्री घरी बायकोला दोनदा सांगितलं. सकाळी परुळेकर साहेबांना अहवाल दिला: मिठाच्या उपायानं उवा निम्म्याहून कमी झाल्या, पावडरीची गरज दिसत नाही. खाली वळणदार सही केली.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. दोन मोठे कतले मरून वर आले होते आणि बाकीचे अजून उड्या मारत होते.

मी गेलो, तसेच मासे धरायला लावले, तसेच गंजांतून काढून मोजले. आठ. म्हणजे आकडा आणखी उतरला होता आणि मासे मात्र मरत होते. मी बकारामजींना विचारलं, खाण्यात काही बदल झाला का, वरून शेतातलं काही वाहून आलं का. ते दोन्हीला नाही म्हणाले. मी गंज उचलला आणि पाणी ओतायला वाकलो.

"साहेब," तानाबाई काठावर बसल्या होत्या. "थे पानी काऊन फेकून राह्यले?"

"गढूळ झालंय."

"ठेवा खाली."

मी ठेवलं. त्यांनी गंज उन्हाकडे कलता केला आणि मला वाकायला सांगितलं. पाण्यात टिकल्या गरगर पोहत होत्या. मी भिंग काढलं नाही, गरज नव्हती.

"पोरीच्या डोक्यातल्या उवा मोजाच्या आहेत," तानाबाई म्हणाल्या, "तर डोकं झाडून झाल्यावर डोकं नाई पाहत कोनी. फनी पाहाव लागते."

मासा ओढला, दुसऱ्या माशावर घासला गेला, गंजात दाटीनं पडला की ऊ त्याला सोडते. तिला पोहता येतं. कोळंबीचीच बहीण ती. बारा मासे मी जाळ्यातून थेट हातात घेतले होते, तेव्हा त्या अंगावर होत्या. नंतरच्या चाळीसांच्या वेळी त्या गंजात उतरल्या होत्या, आणि मी त्यांना मोजून न घेता, माशांच्या काळजीपोटी, स्वतःच्या हातानं परत तलावात सोडत होतो. आम्ही गंजातल्या उवा वाटीनं काढून मोजल्या. अंगावरच्या आणि पाण्यातल्या मिळून माशामागे एकतीस. उवा कमी झालेल्या नव्हत्या, वाढल्या होत्या. आधीच्या चाळीस माशांच्या हिशेबानं माझ्या हातून सुमारे आठशे ऐंशी उवा परत पाण्यात गेल्या होत्या. हा आकडा मी तिथेच पाटीवर काढला.

"आठशे?" बकारामजी म्हणाले. "बीज सोडाचं काम आहे ना साहेब तुमचं. सोडलं."

त्यानंतर सगळे हसले, आणि या वेळी मीही.

परुळेकर साहेबांना तोंडी सांगण्यापेक्षा मी लिहूनच दिलं. आधीचा आकडा चूक, मोजण्याची पद्धत चूक, चूक कोणाची, ती दाखवली कोणी. त्यांनी दोनदा वाचलं.

"समुद्रावर मी असंच केलं होतं," ते म्हणाले. "पण मी लिहून दिलं नव्हतं." मग गंभीर झाले. "पावडर गोदामात येऊन पडली आहे. एकतीस म्हणजे मासे टिकणार नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी मला जीप मिळते. पावडर घेऊनच येतो. तुमच्या त्या बाईंच्या पद्धतीनं मोजू. माशामागे दहाच्या वर निघाल्या तर त्याच दिवशी पाण्यात टाकायची, मग कोणाचं काही ऐकायचं नाही. तोवर काय करायचं ते करा."

पोळ्याला सहा आठवडे होते.

मी पुस्तक घेऊन चिचटोल्याला गेलो. मांढऱ्यांच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसून ते पुन्हा वाचलं, मोठ्यानं, मराठीत सांगत. बाकी सगळं आधी सांगितलेलंच होतं. एका ओळीवर थांबलो: मादी अंडी घालायला माशाला सोडून जाते आणि पाण्यातल्या एखाद्या टणक वस्तूवर ती ओळीनं चिकटवते. ती पंधरा दिवसांच्या आसपास फुटतात.

"टनक कुठी आहे आपल्या तलावात?" बकारामजी म्हणाले. "सारा चिखल. घाटाच्या चार पायऱ्या सोडल्या तर..."

तानाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. तळव्यांवर बारीक ओरखडे होते.

"बांबू धरून पान्यात उतरतो आमी," त्या म्हणाल्या. "दोन वर्सांपासून खरबरीत लागून राह्यले. मले वाटे गोगलगाईचं काही असन."

आम्ही डोंग्यातून गेलो आणि त्यांच्या वाफ्याच्या कोपऱ्यातला बांबू उपटला. पाण्याखालच्या भागावर पिवळट दाण्यांच्या रांगाच रांगा होत्या, रवा खळीनं चिकटवावा तशा. एका बोटभर जागेत मी मोजले, दोनशेच्या वर भरले.

"लिखा," तानाबाई म्हणाल्या. मग बांबू फिरवून दुसरी बाजू पाहिली. "म्हंजे आमच्याच बांबूनं मासोळ्या मारल्या."

"दोन वर्सं झाले सांगून राह्यलो मी," बकारामजींना संधी मिळाली. "बाई, बांबू काढ. माह्यं जाळं फाटते."

"तू गप रे. तुह्यं जाळं फाटते तुह्या हातानं."

"उद्याच काढतो सारे," बकारामजी म्हणाले.

"नको," मी म्हणालो. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. बांबू काढले तर उवा पायऱ्यांवर घालतील, आणि पायऱ्या उचलून नेता येत नाहीत. या तलावात टणक जागा थोड्या, हेच आपल्या सोयीचं होतं. उवांना बाळंतपणाला चांगली जागा आपणच द्यायची, भरपूर द्यायची, आणि अंडी फुटण्याआधी ती जागाच पाण्याबाहेर काढून वाळवायची. पंधरा दिवसांत फुटतात तर आठव्या दिवशी काढायची.

"आठव्या दिवशी बुधवारचा बाजार," तानाबाई लगेच म्हणाल्या. "बाजाराले जायच्या आधी काढू. ध्यानात राहीन."

बांबूची आमच्याकडे कमतरता नाही. संस्थेच्या पुरुषांनी तीन दिवसांत चौसष्ट तट्ट्या विणल्या, पुरुषभर लांब, हातभर रुंद. त्या पायऱ्यांजवळ आणि शिंगाड्याच्या वाफ्यांच्या कडेनं पाण्यात उभ्या केल्या. बांबू आणि तट्ट्या दर बुधवारी बाहेर, वाळल्या की पुन्हा आत. मिठाची आंघोळ चालूच, पण आता गंजातलं पाणी काठापासून दूर जमिनीवर ओतायचं. ते काम तानाबाईंनी मला लावलं नाही.

पहिल्या बुधवारी तट्ट्या काढल्या आणि त्याच दुपारी पाऊस आला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो, आणि मग थांबेचना. पुस्तकात लिहिलं होतं, उन्हात वाळवाव्यात. पुस्तक लिहिणारा श्रावणात आमच्याकडे आलेला नसावा. दोन दिवस तट्ट्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, भिजत पडल्या. लिखा ओल्याच राहिल्या तर मरणार नव्हत्या, आणि तट्ट्या बाहेर असेपर्यंत उवा पायऱ्या शोधणार होत्या. मी नुसता छत्री घेऊन उभा.

तानाबाईंनी चौसष्ट भागिले पंधरा केलं. हिशेब तोंडी. प्रत्येकीच्या घरी चार तट्ट्या, उरलेल्या चार स्वतःकडे. सपरीत चुलीच्या भोवती उभ्या करायच्या, धुरात आणि आचेत. रात्रभरात कोरड्या ठाक. घराघरातून कुजक्या शेवाळाचा वास सुटला. एक गृहस्थ बकारामजींकडे तक्रार घेऊन आले की बायको म्हणते जेवण नंतर, आधी तट्ट्या. बकारामजी म्हणाले, "माह्या घरी आठ आहेत. मी बोललो का?"

दुसऱ्या बुधवारी मोजणी केली. तीस. एकच कमी. गावात कुजबुज झाली. अंगावर बसलेल्या उवा काही तट्ट्यांमुळे मरत नाहीत, त्यांचं आयुष्य संपावं लागतं, हे मला कळत होतं, पण कागदावरचा तीस बघून माझाही धीर सुटला. बकारामजींनी स्पष्ट विचारलं, "पावडर टाकून मोकळं व्हावं का, साहेब? मासोळ्या मेल्यावर बाई शिंगाड्यात तोंड लपवन." तानाबाई ऐकत होत्या. त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "अजून दोन बाजार पाहू. नाई झालं तर मी सवता पावडर कालवतो." तिसऱ्या बुधवारी चोवीस. चौथ्याला पंधरा. पाचव्याला नऊ, पण या वेळी मी कोणाला सांगायला घरी धावलो नाही. एकदा नऊनं फसवलं होतं.

पावसानं तलावाचं पाणीही चढलं होतं, माशांची दाटी कमी झाली होती. उवा उतरण्यात त्याचाही वाटा असणार. तो किती, हे मला आजही सांगता येणार नाही, म्हणून सगळं श्रेय तट्ट्यांना देत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी परुळेकर साहेबांची जीप आली. मागच्या बाजूला पावडरीची पोती, ताडपत्रीनं झाकलेली. गावातल्या सगळ्या बैलजोड्या पाळीवर येऊन उभ्या होत्या. त्या दिवशी बैलांना आंघोळ घालतात, खांदे हळद-लोण्यानं शेकतात. पण बैल आधी पाण्यात उतरले असते तर तलाव ढवळून निघाला असता आणि जाळं लागलं नसतं. म्हणून मीच सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं. बैलांना पाणी समोर दिसत होतं. ते दावी ओढत होते, माणसं त्यांना धरून पोत्यांकडे पाहत होती.

साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले. "बाईंच्या पद्धतीनं," म्हणाले. दहा मासे, प्रत्येक वेगळ्या गंजात. गावानं दहा गंज आणून ठेवले होते. साहेब अंगावरच्या मोजत, तानाबाई पाण्यातल्या मोजत आणि मी फक्त लिहीत होतो. पहिल्या माशाला अकरा निघाल्या. पाळीवर कोणीतरी मोठा श्वास सोडला. दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला एकही नाही. साहेबांनी तो तीनदा उलटा-पालटा करून पाहिला. चौथ्याला सहा. दहाव्या गंजातलं पाणी तानाबाईंनी उन्हाकडे कलतं करून इतका वेळ पाहिलं की साहेब म्हणाले, "बाई, नसलेल्या काढू नका."

बेरीज एकेचाळीस. माशामागे चार आणि थोडी वर.

मी बेरीज पुन्हा केली. साहेबांनी कागद हातात घेतला आणि तिसऱ्यांदा केली. मग ड्रायव्हरला म्हणाले, "ताडपत्री नीट बांध. परत जाताना रस्ता खराब आहे."

बकारामजींना ते ऐकू गेलं, पण त्यांना माझ्या तोंडून हवं होतं. "मंग, साहेब?"

"बैल घ्या पाण्यात," मी म्हणालो. माझ्या नोकरीतला जावक क्रमांक नसलेला हा एकच हुकूम.

दावी सुटली. पाळीवरून सगळे बैल एकदम खाली आले. साहेब अजून पाण्यातच उभे होते आणि बाहेर यायची त्यांना घाई नव्हती. लाट त्यांच्या कमरेपर्यंत आली. समुद्र सोडून आल्यापासून अशी लाट अंगावर घेतली नव्हती, असं ते नंतर जीपमध्ये म्हणाले. तानाबाई एका बैलाची पाठ घासत भावाला ओरडून सांगत होत्या की तुझं जाळं काढ, नाहीतर आज बैल फाडतील आणि नाव बांबूचं होईल.

दिवाळीला पकड झाली. बाजारात माशांच्या पाया पडायला कोणी आलं नाही. शिंगाडाही निघाला. दोन कतले गेले होते ते गेलेच, आणि माझा पहिला अहवाल तांबडी रेघ मारून अजून त्या फायलीत आहे. ती रेघ मीच मारली.

पण मला सांगायचं आहे ते पोळ्यानंतरच्या बुधवारचं. उवा चारवर आल्या म्हणजे गाव आता तट्ट्या विसरेल, अशी मला धास्ती होती. समजावून सांगायला म्हणून मी सुट्टी काढून गेलो. सकाळचे नऊ वाजले होते. तट्ट्या निघून घरोघरी गेल्या होत्या. घाटावर तानाबाई एकट्याच, पुढे पाच गंज.

"बसा," त्या म्हणाल्या. "झालं माह्यं. पाच मासोळ्या पाहिल्या. अंगावर नऊ, पान्यात सहा. किती झाल्या?"

"माशामागे तीन."

"मलेही तीनच आले."

तीनच राहिल्या तर आता कशाला मोजता, असं मी विचारलं, त्यांचं उत्तर ऐकायला म्हणून.

"तीन आहेत म्हून तं मोजाव लागते. एका बोटावर दोनशे लिखा तुमीच मोजल्या होत्या ना?"

त्यांनी दिलेले उकडलेले कंद खाल्ले आणि दुपारच्या बसनं परत आलो. दुसऱ्या दिवशी अंतिम अहवाल लिहायला घेतला. छापील नमुन्यात शेवटून दुसरा रकाना होता: मोजणी करणाऱ्याचे नाव व पद. मी लिहिलं, तानाबाई मांढरे, शिंगाडा लावणाऱ्या, चिचटोला. आमच्या कचेरीतल्या मोठ्या बाबूंनी तो कागद परत केला. असं पद खात्यात नाही, तिथे तुमचं नाव घाला, म्हणाले. मी तो तसाच परुळेकर साहेबांपुढे ठेवला. त्यांनी रकाना वाचला, पेन उघडलं आणि काहीही न खोडता खाली सही केली.